नको म्हणणारे

पहिले दहा अंक फुकट.
ते विकून येतील त्या पैशांतून पुढचे घ्यायचे;
अडीचशे येनला घ्यायचा, पाचशेला द्यायचा.
ऑफिसातल्या मिझुहोबाईंनी गणित दोनदा समजावलं.
मी मान डोलावली. एकतीस वर्षं लेथवर
मिलिमीटरचे शंभर भाग मोजलेत, बाई,
अर्धं कशाला म्हणतात ते कळतं मला.
कळत नव्हतं ते एवढंच, की हात वर कसा करायचा.

तेन्नोजी स्टेशनाच्या जिन्यापाशी
अंक डोक्याच्या वर धरून उभं राहायचं.
ओरडायचं नाही, कुणाच्या आडवं जायचं नाही.
पहिल्या दिवशी हात खांद्यापर्यंत आला
आणि तिथेच गंजलेल्या नटासारखा अडकला.
कारखाना गेला तेव्हा कारखान्याची खोलीही गेली;
त्यानंतर चार वर्षं मी अंग चोरून जगलो,
पुलाखाली, पुठ्ठ्यांत, वाचनालयाच्या बंद दाराशी.
कुणाच्या नजरेत न येणं, हे एकच काम
त्या काळात नेटानं शिकलो.
आणि आता भर चौकात, लाल टोपी घालून,
गळ्यात ओळखपत्र: क्रमांक एकोणसाठ, कुरामोची.
कुरामोची म्हणजे कोठाराचा धनी.
हसू नका. मी हसून घेतलंय.

पहिल्या तासात कुणीच नाही.
मग एक बाई, पिशवीतून कांद्याची पात डोकावणारी,
थबकली. मुखपृष्ठ पाहिलं, मला पाहिलं,
म्हणाली, "आज नको."

आज नको.
काय सांगू तुम्हाला त्या दोन शब्दांचं.
पुठ्ठ्यातल्या माणसाला कुणी नको म्हणत नाही,
त्याला वळसा घालतात, डबक्याला घालावा तसा.
नको म्हणायला समोर दुकान लागतं,
दुकानात माल, आणि मालामागे कुणीतरी.
ती गेली, आणि माझा हात
खांद्याच्या वर, कानाच्या वर, टोपीच्या वर गेला.

सगळं गोड आहे असं नाही.
ऑगस्टात डांबर बुटाला चिकटतं,
जानेवारीत बोटं दुसऱ्या कुणाची वाटतात.
एकदा दिवसभरात चार अंक खपले;
जेवण की बिछाना, ते मीच ठरवायचं होतं.
बिछाना घेतला.

एक गृहस्थ हजाराची नोट हातात कोंबतात:
"अंक नको, पैसे ठेवा."
चांगला माणूस. पण त्या एका वाक्यात
माझं दुकान उठतं आणि मी पुन्हा पुठ्ठ्यात.
पहिल्यांदा मागे धावलो,
अंक आणि सुटे पाचशे कोटाच्या खिशात खुपसून आलो.
दुसऱ्यांदा नोट ठेवून घेतली. थंडी होती.
खोटं कशाला सांगू.

एक शाळकरी मुलगी विचारते,
"यात वाचण्यासारखं काय आहे?"
पान अठरा, म्हटलं. खोल समुद्रातला मासा,
स्वतःचा दिवा स्वतःच्या कपाळावर घेऊन फिरतो.
पंधरा दिवसांनी आली ती भांडायलाच:
दिवा फक्त मादीला असतो, तुम्ही नीट वाचलं नाही!
नव्हतं वाचलं. आता ओळ न् ओळ वाचतो.
विकायचं ते आधी आपल्याला ठाऊक हवं.

मार्चपासून तीन चटयांची खोली आहे,
दाराला किल्ली आहे.
किल्लीचे दात ज्याने कुणी कापले
त्याला मी पहिल्याच आठवड्यात घरी बसवला असता,
पण कुलूप उघडतं. तीनदा उघडून पाहिलं,
तीनदा आतून लावून.

काल क्रमांक साठ आला. फुकादोमे नाव,
कागोशिमाकडचा, जेमतेम तिशीचा.
पलीकडच्या जिन्याशी उभा राहिला,
आणि हात खांद्यापर्यंत येऊन अडकला.
काय सांगणार? सांगण्यासारखं काही नसतं.
माझे अंक पिशवीत ठेवले, टोपी काढून खिशात कोंबली,
रस्ता ओलांडून गिऱ्हाइकासारखा त्याच्यासमोर गेलो.
थबकलो. मुखपृष्ठ पाहिलं, त्याला पाहिलं.
म्हटलं, "आज नको."

त्याने आवंढा गिळला.
"मग उद्या?" म्हणाला.